जाड काच, पातळ काच

चष्म्याच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. काच पुसता पुसता एक ऐकावा, तोवर दुसरा दारात उभा! लातूर नवंनवं जिल्हा झालं, तेव्हा मी अप्पांच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचो. दुष्काळ होता. पाण्याची बोंब, उन्हाची चंगळ.

*

पहिला धक्का खुद्द अप्पांनीच दिला. मोतीबिंदूच्या पेशंटची जाड, मधे फुगीर काच. चरा आहे का बघायला त्यांनी ती दारातल्या उन्हात धरली. मांडीवर पेपर. फुगीर काच सगळं ऊन टिकलीएवढ्या जागेत गोळा करते, हे तीस वर्षं धंदा करून अप्पा नेमके त्या दिवशी विसरले. पेपरातून धूर! मी चपलेनं विझवला, पण नव्या जिल्ह्याच्या बातमीला हे एवढं भोक!

"आरं, जिल्हा जळाला की!" अप्पांनी कपाळाला हात लावला.

*

हे उदगीरच्या एका गुरुजींनी ऐकलं आणि आपला चष्मा उन्हात धरून अर्धा तास विडी पेटवत बसले. मग घामाघूम होऊन दुकानात.

"काच खोटी हाय तुमची!"

"गुरुजी, तुमची काच मधी पातळ. ती ऊन पांगवती," अप्पा म्हणाले.

"मग मला कशाला दिली?"

"तुमच्या डोळ्यात उजेड पडद्याच्या अलीकडंच गोळा होऊन राहिला. जरा पांगवला की बरोबर पडद्यावर पडतो."

अप्पा सातवी नापास! गुरुजी आ वासून बघतच राहिले. मीही.

*

पुढची चूक माझी. रशीदचाचा गवंडी. त्यांच्या काचेला एकाच दिशेनं गोलाई, म्हणजे उजेडही त्याच दिशेनं वळणार. ती ठरल्या कोनातच बसवायची असते. मी आडवीची उभी बसवली!

चाचांना स्वतःच बांधलेली भिंत कललेली दिसली. घरमालकानं ओळंबा सोडून दाखवला. "ओळंबाच तिरपा हाय!" म्हणत चाचांनी चार थर पाडले.

मी काच फिरवून दिली. त्यांनी चष्मा घातला, समोरची भिंत बघितली, मग मला. मग थापी माझ्या हातात ठेवली. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं!

*

औशाकडच्या एका गावात पार्वतीआजींना ऑपरेशननंतरचा चष्मा द्यायला गेलो. बजावून सांगितलं, "आजी, ह्या काचेतून सगळं मोठं आन् जवळ दिसतं. आठ दिवस घराबाहेर पडू नका."

"हाव," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात टँकर आला. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि बायांनी शेंदून घ्यायचं, ही तिथली रीत. ज्याचा हंडा मागं राहिला, त्याचं घर दोन दिवस कोरडं. आजी हंडा घेऊन माझ्याही पुढं पळाल्या! शेंदायचा दोर त्यांना हाताशी दिसला. हात घातला, तर दोर वीतभर पुढं.

धप्पकन आवाज आला. ती काच मी बसवलेली!

खाली वाकून बघितलं. छातीएवढं पाणी, आजी उभ्या. आम्ही दोर सोडला. "आजी, कमरेला घट्ट बांधा!"

खालून आवाज आला, "हंड्याला बांधलाय. भरलाय, आधी तेवढा वर घ्या!"