डाव्या हाताचं टेनिस

मुंबईच्या उपनगरांत टेनिस शिकवणारे पुष्कळ असतील, पण नव्या विद्यार्थ्याच्या हातात रॅकेट दिसली की ज्याचं डोकं फिरतं असा माणूस एकच, आमचे सर. सत्तरी ओलांडलेले, मूळचे मालवणकडचे, गिरणी कामगाराचे चिरंजीव. मुलुंडला आमच्या कॉलनीमागे एकच कोर्ट आहे, तिथे ते सकाळी सहाला हजर असत. बँकेतल्या खुर्चीने पाठ धरली म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी मी कोरी रॅकेट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी ती काढून बाकाखाली सरकवली. "आधी बॉल पकडायला शीक." पंधरा दिवस मी नुसती बॉल झेलत होते, आणि टप्पा कुठे पडणार ते आधी ओरडून सांगायचं. वरच्या गॅलरीतून शेजारीण विचारायची, "अगं, टेनिस आहे की लगोरी?"

रॅकेट मिळाली तेव्हा कळलं की सर खेळ बघतच नाहीत, ऐकतात. बाकावर डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "उशीर झाला. मनगट ढिलं. आता घाबरलीस." एकही अंदाज चुकायचा नाही. चिडले की मालवणीत शिरत. मी एकदा बॉल अलगद पलीकडे ढकलला, तर गरजले, "गो बाय, बॉल काय तुझो जावय हा? इतको मान कित्याक देतंस?" खूश झाले की मात्र काहीच बोलत नसत, चहा मागवत. दीड वर्षात माझ्या वाट्याला तीन चहा आले, आणि त्यांचा मला बँकेतल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान आहे.

मग माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने तरी रॅकेट विसरा. रडकुंडीला येऊन मी सरांना सांगितलं, "संपलं सर, वाट लागली."

"डावा हात काय भाड्याने दिलायस?"

"या वयात डाव्याने शिकू?"

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर सर स्वतः डाव्या हातात रॅकेट धरून उभे. ज्यांची सर्व्हिस बघायला लोक थांबायचे, त्यांचे बॉल थेट पार्किंगमध्ये जाऊ लागले. लोक हसायचे. सर त्यांच्याहून मोठ्याने हसायचे आणि मला म्हणायचे, "चल, बघू कोण जास्त वाईट खेळतं ते!" माझ्यासाठी हा माणूस आपली अब्रू पणाला लावतोय, या विचाराने मी एक दिवसही चुकवला नाही.

चौथ्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा हरवलं. उड्या मारतच बाकापाशी गेले. सर घाम पुसत होते, आणि त्यांच्या उजव्या हातातला टॉवेल थरथरत होता. श्रमाने नव्हे. तो थांबतच नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या खांद्याच्या आधीपासून," ते म्हणाले. "डाव्याने शिकायचंच होतं गं. एकट्याने सुरू करायची लाज वाटत होती."

मी त्यांच्या शेजारी बसले. समोर नेटपाशी आमचे बॉल विखुरले होते. बराच वेळ आम्ही दोघंही ते गोळा करायला उठलो नाही.