दोनदा भाजलेली डबलरोटी

अहेरीची खैरुनबी तशी तोंडानं फटकळ, पण नवऱ्याच्या उस्तादाविरुद्ध तिनं कधी ब्र काढला नव्हता. चांद्याला डबलरोटी-बिस्किटं विकणाऱ्या त्या बेकरीवाल्या उस्तादानं लियाकतला बजावलं होतं: एकदा भट्टीतून निघालेली डबलरोटी पुन्हा भट्टीत घालणं म्हणजे गिऱ्हाइकाला शिळं चारणं. अहेरीत स्वतःची भट्टी टाकल्यापासून लियाकत ते वेदवाक्य मानून चालला होता.

छप्पनच्या हिवाळ्यात जंगलातल्या लाकूडतोडीच्या कॅम्पाला डबलरोटी पुरवायचं काम त्यांना मिळालं. पण चार दिवसांत मालाला बुरशी चढायची. मुकादमानं निरोप धाडला, "आता एक डाव बुरशी दिसली, तं काम बंद." कॅम्प सुटला की भट्टीही विझणार, हे दोघांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात लियाकत हिवतापानं आडवा झाला. खैरुननं एकटीनं सगळा माल भाजला, आणि नेमका कॅम्पाला माल नेणारा ट्रक बिघडला. माल दोन दिवस घरातच पडून. बैलगाडीनं पाठवावा तर आणखी तीन दिवस. म्हणजे बुरशी ठरलेलीच.

शेवटी तिनं डबलरोटीच्या चकत्या कापल्या आणि निवत आलेल्या भट्टीत पसरल्या.

"उस्तादाचं नाव बुडवून राह्यली तू!" बाजेवरून लियाकत ओरडला.

"बुडू द्या. भट्टी तं वाचन," ती म्हणाली आणि भट्टीचं तोंड झाकलं.

कडक, तांबूस चकत्यांची पोती घेऊन इतवारी गाडीवान गेला. त्यानंतर नऊ दिवस खैरुनला घास गोड लागला नाही. दहाव्या दिवशी इतवारी दारात हजर.

"भाबी, एवढेसेच तुकडे काऊन देल्ले? चहात बुडवून बुडवून लोकायनं फस्त केले. बुरशीचं नाव नाई. मुकादमानं दुप्पट मांगतले!"

खैरुन पदरात तोंड घालून रडली. एवढे दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता.

डबलरोटी घ्यायला आलेले गुणवंतराव गुरुजी सगळी हकिकत ऐकून हसले. "रडता काऊन बाई? बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेलं! मूळ शब्द जुन्या लॅटिन भाषेतला हाय. जहाजावरचे लोक असंच भाजून महिनोन् महिने खात."

लियाकत बाजेवर उठून बसला. "दोनदा?"

"दोनदा."

उस्ताद तर जन्मभर बिस्किटं विकत होता, आणि तीही एकदाच भाजून!  लियाकतनं घोंगडी बाजूला सारली.

"खैरुन, भट्टीले ऊब असन अजून. सुरी कुठी हाय?"