हळदीतलं डिस्को

मी अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाही. बहिणीच्या हळदीला आमची आत्या मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती. तिचे यजमान गेल्यापासून ती अशीच बसते. तिला कुणी लांब बस म्हटलं नव्हतं, पण जवळ ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

डीजेने तिच्या कॉलेजच्या काळातलं इंग्रजी डिस्को गाणं लावलं. आधी नुसती बेस गिटार दुडदुडत आली. आत्याची टाच हलली, मग खांदे, आणि ही बाई उठून थेट हळदीने माखलेल्या पोरींमध्ये घुसली! मध्येच गाणं क्षणभर थांबतं, तिथे सगळ्या पोरींचे पाय चुकले. ठेका परतला तेव्हा आत्याचा पाय मात्र नेमका त्यावर पडला.

काय असतं या गाण्यांत? शब्द तर तिला तेव्हाही कळले नसतील. पण तो ठेका कुणाचं वय विचारत नाही, कपाळही बघत नाही.

गाणं संपलं. आई घाबरून म्हणाली, "अहो वन्सं, हळद लागली तुम्हाला!"

आत्याने गालावरून हात फिरवला, पिवळी झालेली बोटं पाहिली आणि ती धापा टाकत डीजेकडे वळली.

"तेच परत लाव रे."