दिराची कबुतरं

नवऱ्याला माझी किडनी बसवली, त्याला वर्षही झालं नव्हतं. सोलापुरातल्या आमच्या घरात खाली आम्ही दोघं, वरच्या मजल्यावर धाकटा दीर आणि गच्चीत त्याची कबुतरांची ढाबळ. घरी सोडतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "किडनी टिकावी म्हणून गोळ्यांनी यांची प्रतिकारशक्ती कमी ठेवलीय. धूळ, ओल, पाखरांची विष्ठा, सगळ्यापासून लांब ठेवा."

मी दिराला हात जोडले. "भावजी, ढाबळ दुसरीकडं हलवा की."

तो हसला. "पाखरांनी कुटं माणूस मरतंय व्हय, वैनी? तुमी लई भेता."

रोज सकाळी तो गच्ची झाडायचा आणि वाळलेल्या घाणीची धूळ जिन्यावरून आमच्या दारात उतरायची. मी ओलं फडकं मारत राहिले.

आधी नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. एका दुपारी त्यांनी मला ओळखलंच नाही. पाठीतलं पाणी काढून तपासलं तेव्हा कळलं, मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झाली होती. तिच्यावरची इंजेक्शनं किडनीलाच जड. जीव वाचवायचा म्हणून किडनी टिकवणाऱ्या गोळ्याही कमी कराव्या लागल्या. माणूस वाचला, किडनी गेली.

"लागण कबुतरांमुळंच झाली, असं छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. मला पुरावा नकोच होता.

दीर अक्कलकोटला सासुरवाडीला गेला, त्या दिवशी मी तोंडाला मास्क बांधून गच्चीवर गेले. कबुतरं करंड्यांत भरून पाखरं विकणाऱ्याला देऊन टाकली. सगळीकडं पाणी मारलं आणि कुऱ्हाडीनं ढाबळ फोडली. दीर परतला तोवर काही कबुतरंही परत आली, रिकाम्या गच्चीवर घिरट्या घालू लागली. मी थाळी बडवून ती हाकलली, दिराच्या डोळ्यांदेखत.

तो रडकुंडीला आला. "वैनी, पाखरांचा काय गुन्हा?"

"अन् माझ्या किडनीचा काय होता?"

आता नवऱ्याला डायलिसिसला त्यानंच न्यायचं, असं मी ठरवून टाकलंय. बाहेर थांबायचं नाही. मशीन चालू असेपर्यंत खाटेशेजारी बसायचं, नळीतून फिरणारं रक्त बघत.

"पुरे कर की आता," नवरा म्हणतो.

काल दोघं परतले तेव्हा दीर पांढराफटक पडला होता. मी नवऱ्याला आत घेतलं, दिराला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"परवा परत जायचंय," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.