मागची सतरंजी

वहिनी, मिरज स्टेशनावर गाडी हलली तेव्हा तू चिवड्याचा डबा खिडकीतून कोंबलास आणि आई मागून ओरडली, "तिकडे जाऊन भाषा बाटवू नकोस गं!" ह्यांना हेब्बाळच्या कारखान्यात नोकरी लागली होती, म्हणून आम्ही म्हैसूरला निघालो होतो. आईचं ते वाक्य मी फारच मनावर घेतलं.

इथे विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग भरायचा. तो माझ्याकडे आला आणि माझ्या अंगात मास्तरीण संचारली. आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांची मुलं पुढच्या सतरंजीवर बसवली. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या घरांतली मागे. ऐकून ऐकून सुधारतील, असा माझा शहाणपणा!

मागच्या सतरंजीवर आठ वर्षांची तुळसा होती, एका शिंप्याची नात. एकदा ती उत्साहाने म्हणाली, "टीचर, काल आज्जासंगे अंगडीला गेल्ते, सुम्मने बसून काजं केली." दुकानाला अंगडी, गुपचूपला सुम्मने! पुढची मुलं फिदीफिदी हसली. मीही हसले, वर म्हणाले, "याला मराठी म्हणतात होय?" त्यानंतर दोन रविवार ती तोंडातून शब्द काढेना. मला वाटलं, लाजत असेल.

तिसऱ्या रविवारी तिचे आजोबा आले. गळ्यात टेप तसाच.

"टीचरम्मा, घरात मराठी बोलाया मी नि ही, दोघंच. सून कानडी, लेकबी तिच्यासंगे कानडीच बोलतो. आता हीबी माझ्याशी कानडीतच बोलते. का विचारलं तर म्हणते, आज्जा, आपली मराठी खोटी आहे."

रागावले असते तर बरं झालं असतं गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराबाळांत डावं-उजवं कधी केलं नाही म्हणून मिरवणारी मी, आणि एका म्हाताऱ्याच्या घरातला बोलायचा सोबतीच पळवला होता. मी हात जोडले. म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्हीच या, काजं करायला शिकवा. तुमच्या बोलीत.

ते आले. सतरंज्या मी जोडून घातल्या आणि मुलांना मिसळून बसवलं. झालेल्या प्रकाराबद्दल सगळ्यांदेखत तुळसाची माफी मागितली. ती खाली बघत राहिली. आजोबा शिकवत होते, पुढची मुलं अर्थ विचारत होती, मीही सुईदोरा घेऊन बसले. कापडापेक्षा बोटालाच जास्त टोचत होते.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अय्यो आज्जा, टीचरला सुईबी धराया येत नाही!"

आजोबांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी तर रडलेच, बोट टोचल्याचं निमित्त करून.

दर पत्रात विचारतेस, घरी कधी येतेस? येईन गं, चार दिवस येईन. फक्त मधे रविवार नको. रविवारी इथे माझ्या चुका काढायला एक पोरगी वाट बघत बसलेली असते.