खेळपट्टी नसलेलं बेट

मृणालिनीच्या रागाला आवाज नव्हता. राग आला की ती पूर्ण वाक्यं बोलायची. एरवी आपण बायका जी वाक्यं 'जाऊ दे, नंतर बघू' म्हणून अर्ध्यावर सोडतो, तीसुद्धा ती शेवटपर्यंत न्यायची. दोह्यात ओल्ड एअरपोर्ट वस्तीतल्या आमच्या इमारतीत ती खालच्या मजल्यावर राहायची. सात वर्षांच्या शेजारात मी तिला एवढी पूर्ण वाक्यं बोलताना ऐकलं ते त्र्याऐंशी सालीच.

ती नाशिकची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक राहिलेला, त्यामुळे चालताना कमरेतून किंचित झुलायची. नवरा श्याम तेलकंपनीत इंजिनिअर, मुलगा पाचगणीला बोर्डिंगात. तिने कॉलेजात पोवळी पाहिली होती ती बरणीतली, फॉर्मॅलिनमध्ये पांढरी पडलेली. कंपनीच्या क्लबातली एक इंग्रज बाई पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला शिकवते, असं कळल्यावर सगळ्यात आधी नाव घातलं ते हिने. आमच्यातल्या काहींनी तोंडं वाकडी केली. पस्तिशीच्या बाईला हे काय सुचलं, आणि तेही तसल्या पायाने. हे 'तसल्या पायाने' कायम तिची पाठ वळल्यावर.

क्लबाच्या तलावात ती सगळ्यांच्या पुढे गेली. घोटाळा झाला तो वक्रा गावच्या बंदरातून बोटीने नेलं तेव्हा. कतारचा समुद्र इतका उथळ की मैलभर चाललं तरी पाणी कमरेला, म्हणून खोल पाण्यासाठी बोट लागायची. खाली ती छान उतरली, पण वर येताना बोटीची उभी लोखंडी शिडी, कमरेला खाली जाण्यासाठी बांधलेला शिशाचा जड पट्टा, आणि हलणाऱ्या पायरीवर डावा पाय टेकेना. शेवटी दोन पुरुषांनी काखेत हात घालून तिला ओढून घेतलं. पुढच्या शुक्रवारी, सुटीचे आम्ही सगळे जमायचो तेव्हा, चहा पिताना श्यामने ते सगळ्यांना रंगवून सांगितलं, "आमच्या हिला दोन हमाल लागले." सगळे हसले. मृणालिनी पोह्यांवर खोबरं पेरत होती, ती पेरत राहिली.

त्या वर्षी श्यामला नोकरीत दहा वर्षं झाली म्हणून कंपनीने दोघांना हव्या त्या देशाची तिकिटं देऊ केली. तो म्हणाला, "या वेळी तू ठरव. खरंच सांगतोय." आणि तिने ते खरं मानलं.

मग महिनाभर तिच्या जेवणाच्या टेबलावर क्लबातून आणलेली माहितीपत्रकं आणि एक मोठा नकाशा. मी सकाळी भाजी निवडायला तिच्याकडे जायची, तर ती मेथी बाजूला सारून बेटं दाखवायची. कॅरिबियन समुद्रात बेटं म्हणजे पसरलेले शेंगदाणे. "वारा पूर्वेकडून येतो," ती म्हणायची, "म्हणून पूर्वेचा किनारा खवळलेला आणि पश्चिमेचा शांत. पण पश्चिमेलाही बहुतेक ठिकाणी पोवळी लांब, बोटीशिवाय गाठता येत नाहीत. मला असं बेट हवंय जिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि थोडं पोहलं की खाली पोवळी." तिला ते सापडलं. बोनेर, डचांच्या ताब्यातलं एवढंसं बेट. रस्त्याच्या कडेला पिवळ्या दगडांवर जागांची नावं लिहिलेली असतात, गाडी लावायची आणि उतरायचं. नवख्यांना यासारखं दुसरं नाही, असं इंग्रज बाईही म्हणाली.

शुक्रवारी तिने नाव सांगितलं. आमचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"बोनेर?" राजाभाऊ म्हणाले. हे श्यामचे ऑफिसातले सोबती, बोलण्यात कायम पुढे. "वहिनी, ऐकलं नाही बुवा. कसोटी होते का तिथे?"

"नाही. मासे असतात."

"मग कसलं वेस्ट इंडीज."

एकाहत्तरच्या विजयापासून या मंडळींना ती सगळी बेटं मामाच्या गावासारखी पाठ. किंग्स्टनला चेंडू उसळतो, पोर्ट ऑफ स्पेनला वळतो. दोह्यात मुऐदरला कुठून जायचं ते धड सांगता येणार नाही, पण ब्रिजटाउनचं पॅव्हेलियन कुठल्या टोकाला ते सांगतील. जिथे खेळपट्टी नाही ते बेट त्यांच्या नकाशात बुडालेलं. आणि त्या एप्रिलात आपला संघ नेमका तिकडे खेळणार होता.

श्यामने परस्पर ब्रिजटाउनची, म्हणजे बार्बाडोसची तिकिटं सांगितली. मृणालिनीला ते कळलं राजाभाऊंकडून, माझ्याच घरी, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला. "वहिनी, नशीब काढलंत. ब्रिजटाउनची कसोटी, आणि तीही स्टँडात बसून."

तिने हातातली बशी खाली ठेवली. "अहो, हे काय म्हणताहेत राजाभाऊ?"

"अगं, सांगणारच होतो." श्याम हसत होता. "समुद्र काय, तिथेही चारी बाजूंनी आहे. बेट ते बेट."

"तिथे शिकाऊ लोकांना बोटीने नेतात. बोटीला शिडी असते."

"मग मी आहे ना. मी धरीन तुला. नाहीतर ओढून घेईल कोणीतरी वर."

"मी तुम्हाला महिनाभर नकाशा दाखवत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही मान हलवत होता. ओढून घ्यावं लागणार नाही अशी जागा मी शोधत होते. मला कोणी धरायला नको आहे, म्हणून शोधत होते. तुम्हाला तेवढंच कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?"

सगळे केककडे बघायला लागले. माझ्या मुलीने इंग्रजीत विचारलं, आता कापू का?

दुसऱ्या दिवशी ती तिकिटांच्या दुकानात गेली. तिथला इनायत हिंदीत म्हणाला, "भाभी, साहेबांनी तर बार्बाडोस सांगितलंय."

"साहेबांचं तसंच राहू द्या. माझं बदला. ॲमस्टरडॅमहून बोनेर."

"साहेबांना विचारून..."

"तिकिटावर नाव माझं आहे. खलास."

रात्री तिने श्यामला सांगितलं, तुम्ही सामना बघा, मी तिकडे जाते, येताना ॲमस्टरडॅमला भेटू. त्याने आधी चेष्टेवारी नेलं, मग एकटी बाई, लोक काय म्हणतील, इथपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी त्याने आपलंही तिकीट बदललं.

इथवर मलाही बरं वाटलं होतं. पण पुढच्या शुक्रवारी तो चारचौघांत म्हणाला, "बायकोसाठी कसोटी सोडली." आणि आमच्या बायका मृणालिनीला म्हणाल्या, "किती गं भाग्याची." हे ऐकून माझ्या हातातली किटली मी आपटली नाही, एवढंच. जे तिला देऊ केलेलंच होतं ते आधी काढून घ्यायचं, मग परत करायचं, आणि परत केल्याबद्दल आरती ओवाळून घ्यायची.

बोनेरचं तिने मला परत आल्यावर सांगितलं. तिने निवडलं होतं तसंच निघालं सगळं. वाळूची सौम्य उतरण होती. तिथल्या शिक्षकाने टाकी पाण्यात तरंगती ठेवली होती, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पाठीला लावायची, जमिनीवर ओझं नको. ती एकटी चालत निघाली. दहा पावलांत श्याम पँट दुमडून मागे आला आणि न विचारता तिचं कोपर धरलं. "दगड आहेत."

"सोडा."

"अगं, पडशील."

त्याने सोडलं नाही. टाकी बांधेपर्यंत धरून होता. ती तशीच संतापात खाली गेली. पोवळी समोर आली, पिवळी, जांभळी, पण तिला दिसत होतं फक्त आपलं कोपर. थोड्याच वेळात शिक्षकाने हवेचा काटा बघून वर चला अशी खूण केली. पाण्याबाहेर आल्यावर तो म्हणाला, इतक्या लवकर कोणाची टाकी संपत नाही, बाई. तुम्ही धापा टाकत होता. भीती वाटली?

"नाही," ती म्हणाली. "राग आला होता."

मग ती श्यामकडे वळली. "मी आता दुसरी टाकी घेऊन जाणार आहे. तुम्ही गाडीजवळ थांबा. मी हाक मारली तर या."

"आणि नाही मारलीस तर?"

"तर येऊ नका. पडले तरी येऊ नका."

तो गेला. ती पुन्हा उतरली, आणि या वेळी टाकी पुरली. शिक्षकाला थंडी वाजायला लागली तेव्हा ते परतले. येताना काठावरच्या लाटेने तिचा पाय सरकला आणि ती खरंच पडली. गुडघाभर पाण्यात बसली, तोंडातलं खारं पाणी थुंकली, मग उपडी होऊन हातांवर आणि गुडघ्यांवर वाळूत वर सरकत आली. ढोपरं सोलली. वर बघितलं तर श्याम गाडीचं दार घट्ट धरून उभा होता. त्याचं एक पाऊल पुढे आलेलं, ते त्याने मागे घेतलं.

"दया नाही आली तुला त्याची?" मी विचारलं.

"आली," ती म्हणाली. "पण हाक नाही मारली."