मुलगी मीरा रोडला, आधार रत्नागिरीला

१२ जूनची गोष्ट. सावंतांच्या घरी मीरा रोडला फॉलो-अपला गेले होते. दत्तक मूल घरात कसं रुळतंय ते बघून रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. दोन वर्षांची चिऊ मध्य प्रदेशातल्या संस्थेतून आलेली. भिंतीवर खडू ओढत बसली होती. मूल घरी आलं तरी कायद्याने आपलं होतं ते जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑर्डरने, आणि ती निघते संस्थेच्या जिल्ह्यातून.

तेवढ्यात तिथल्याच जिल्हाधिकारी ऑफिसातून सावंतांना फोन आला. मी स्पीकरवर टाकायला लावला.

"आपका आधार रत्नागिरी का है। वहाँ की होम स्टडी भेजिए, नहीं तो बच्ची वापस लानी पड़ेगी।"

सावंतबाई उठल्या, चिऊला कडेवर घेतलं आणि आत गेल्या.

होम स्टडी म्हणजे घर, कमाई, शेजारपाजार बघून केलेला अहवाल. माणसं राहतात तिथला. मी तो याच घरात बसून केला होता. गावचं घर गणपती सोडले तर वर्षभर कुलपात.

मी फोन हातात घेतला. "साहब, घर बंद है। किससे बात करूँ, ताले से?"

"मॅडम, परमनंट ॲड्रेस तो वही है।"

"तो लिखकर मेल कीजिए। कौन सा नियम, और बच्ची वापस लाने वाली बात भी।"

"आप मीरा रोड के प्रूफ भेज दीजिए। देखते हैं।"

फोन ठेवला आणि सावंतांवर घसरले. "आधार बदला म्हणून तीनदा सांगितलं. दर वेळी 'करतोय मॅडम'."

"गावचा पत्ता काढला तर भावकी म्हणेल, हा आता मुंबईचा झाला. घरातला वाटा गेला."

"आधारवर वाटा ठरत नाही, सावंत."

आतून बाई म्हणाल्या, "वाटा द्या भावांना. पोर मी सोडणार नाय."

सावंतांनी गपचूप लाईटबिल, ॲग्रीमेंट, सोसायटीचं पत्र काढून दिलं. मी तिथूनच स्कॅन करून पाठवलं.

ऑर्डर आली, पण गणपती उलटल्यावर. त्या पावसाळ्यात सावंतबाईंनी फोन वाजला की आधी चिऊला उचललं. त्याचा हिशेब कुठलंच ऑफिस देत नाही.

ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीरा रोडजवळ गोडदेवला, दत्तक घेऊ पाहणाऱ्या नव्या जोडप्याकडे होम स्टडीला गेले. नवरा मूळचा रायगडचा. बाईंनी चहा टाकला.

"चहा नंतर," मी म्हटलं. "आधी आधार दाखवा."